आपापली खुर्ची

थेल्मा ब्लँचर्ड आमच्या कचेरीत पहिल्यांदा आली तेव्हा दहा मिनिटं उभी होती.

समोर दोन खुर्च्या होत्या. मी फोनवर होते. तिचे पती क्लिफर्ड एका खुर्चीत बसून वही उघडूनही मोकळे झाले होते. ती मात्र खांद्याला पिशवी अडकवून, शरीराचा भार कधी या पायावर तर कधी त्या पायावर टाकत उभी. फोन ठेवून मी म्हटलं, "बसा ना." तेव्हा ती बसली. बसताना घोट्याला हात लावून तिने श्वास सोडला.

मला हसू आलं होतं. नंतर त्या दहा मिनिटांचा मी कधी विचार केला नाही. आता करते आहे.

मी साहित्याची पदवी घेतली आहे. आलिकांतेच्या या किनाऱ्यावर त्या पदवीच्या जोरावर जी नोकरी मिळते ती मला मिळाली. इंग्रजी बरं येतं म्हणून परदेशी म्हाताऱ्यांना भाड्याची घरं दाखवायची. इंग्लंड, नॉर्वे, बेल्जियम, सगळीकडून ते येतात. नोकरी संपलेली, गुडघे गेलेले, डोक्यावर टोपी. उरलेली वर्षं कुठल्या गावात, कितव्या मजल्यावर घालवायची ते निवडायला येतात. काहींचं आठवड्यात ठरतं. काहींना वर्ष लागतं. ब्लँचर्ड पतिपत्नींना तेव्हाच दोन वर्षं झाली होती.

क्लिफर्डनी इंग्लंडातल्या ग्रिम्स्बीत पस्तीस वर्षं बसगाड्यांची वेळापत्रकं बनवली होती. त्यांच्या वहीत प्रत्येक गावासाठी एक पान होतं आणि पानावर चौदा रकाने. जानेवारीतलं ऊन. दवाखान्याचं अंतर. पायऱ्या. ओल. बस किती मिनिटांनी. कुत्री. प्रत्येकाला दहापैकी गुण. किनाऱ्यावरच्या एकेका गावात चार-पाच महिने राहायचं, गुण द्यायचे, पुढे जायचं. गावांची खरी नावं ते घेत नसत. "चढाचं गाव" म्हणत. "वाऱ्याचं गाव", "ढोलांचं गाव".

"आणि शेजारी?" मी विचारलं होतं. "शेजाऱ्यांचा रकाना दिसत नाही."

"शेजारी मोजता येत नाहीत," ते म्हणाले.

थेल्माने खिडकीबाहेर बघितलं.

त्यांना मी आमच्याच गल्लीतलं घर दिलं. कारण साधं होतं. पहिला मजला, सतराच पायऱ्या, समोर औषधाचं दुकान. समुद्र दिसत नव्हता. क्लिफर्डनी तिथेच त्याचे चार गुण कापले. दोन महिन्यांसाठी घेतलं. सामान टॅक्सीतून उतरवलं तेव्हा चार बॅगा होत्या आणि एक पुठ्ठ्याची पेटी. तपकिरी चिकटपट्टीने सगळ्या बाजूंनी बंद केलेली, कोपरे मऊ पडलेले.

"ही जड आहे. काय आहे हिच्यात?" मी विचारलं.

"घर," थेल्मा म्हणाली. मग जरा लाजून, "पडदे आहेत. आईचं घड्याळ. चहाची भांडी. जिथे राहायचं ठरेल तिथे उघडायची."

"किती गावं फिरली?"

"पेटी? हे सहावं."

आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, आधी काहीतरी लावतात. पण तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "बाईबिई काही नको. थेल्मा म्हण." मी म्हणू लागले. क्लिफर्डना मात्र शेवटपर्यंत मी अहो-जाहोच करत राहिले. त्यांनाही ते बरं वाटत असावं.

ती मला का आवडली ते सांगता येत नाही. ती फार बोलत नसे. रविवारी मी वर गेले की ती चहा करायची, घरमालकाच्या जाड पेल्यांतून द्यायची आणि म्हणायची, "हे पेले म्हणजे दात घासायचे आहेत गं." तुकड्या-तुकड्यांनी तिचं आयुष्य मला कळलं. वडील बंदरावर मासे साफ करायचे. ती सोळाव्या वर्षी शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, साठाव्या वर्षी बाहेर पडली. रोज दोनशेसाठ पोरांचं जेवण. सिमेंटच्या फरशीवर, उभ्याने. "पोरं आली की आम्ही वाढायचो. पोरं गेली की भांडी. बसायचं कधी? जेवायलासुद्धा मी टेबलाला टेकून उभी असायचे. कुणी म्हणालं नाही बस म्हणून आणि मीही बसले नाही."

"म्हणायला कशाला हवं?"

"माझी आई फार कडक होती," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या दारात, कुणी म्हणेपर्यंत बसायचं नाही. बसलीस तर घरी येऊन उभं करीन म्हणायची."

मूल झालं नाही. क्लिफर्डच्या छातीत दर हिवाळ्यात पाणी व्हायचं. डॉक्टरांनी उबदार समुद्रकाठ सुचवला. घर विकून ते निघाले. थेल्माला वाटलं होतं, महिन्याभरात ठरेल.

"ते निवडतात, मी बांधाबांध करते," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. बसचा नंबर सांगावा तसं सांगितलं.

पहिल्या हिवाळ्यात ते दोघं त्या घरात कुडकुडले. हे सगळ्या उत्तरेकडच्यांचं होतं. बाहेर कोवळं ऊन बघून घर घेतात, आणि आत दगडी फरशी, उंच छत, शेगडी नाही. क्लिफर्ड अंगात कोट घालून वही लिहीत बसायचे. "अख्खा जन्म थंड देशात गेला," ते म्हणाले, "पण घरात थंडी वाजली ती इथे." ओलीचे गुण त्यांनी आणखी दोनाने कमी केले. तरी हलले नाहीत. दोन महिन्यांचे सहा झाले, सहाचं वर्ष. त्यांना आता पायऱ्या चढताना तीनदा थांबावं लागत होतं.

आता आमच्या गल्लीबद्दल सांगायला हवं.

जूनच्या शेवटी, संत योहानच्या सणाची होळी पेटून गेली की, गल्लीत खुर्च्या निघतात. ऊन भिंतीवरून उतरलं की एकेक दार उघडतं. आधी खुर्चीचे पाय बाहेर येतात, मग बाई. खुर्च्या बुटक्या, बसायला वेताच्या विणलेल्या. सप्टेंबरपर्यंत रोज हे चालतं. सूर्यफुलाच्या बिया सोलतात, शेंगा निवडतात, ज्या आल्या नाहीत त्यांच्याबद्दल बोलतात. मधोमध माझी मावशी एन्कार्ना बसते. वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं संत्र्यांच्या वखारीत उभ्याने संत्री कागदात गुंडाळत होती. तिला आता कुठलीही गोष्ट उभ्याने करायची नसते.

ब्लँचर्डांची गॅलरी बरोबर त्यांच्या डोक्यावर होती. संध्याकाळी ते दोघं तिथे बसायचे. खाली हसणं उसळलं की थेल्मा कठड्यावरून किंचित वाकून बघायची. बाजारातून येताना बायांच्या मधून जावं लागे. ती मान लववून नमस्काराचं "बुएनास" म्हणायची. सगळ्या एका सुरात "बुएनास" म्हणायच्या. ती क्षणभर रेंगाळायची. मग दार लोटून वर जायची.

"तुझी ती इंग्रजीण," मावशी मला म्हणायची. "वर बसून सगळं ऐकते. खाली यायला काय होतं तिला?"

"तिला आपली भाषा येत नाही, मावशी."

"भाषा कुणाला येते? फिनाला ऐकू येत नाही, ती येतेच ना! तोरा आहे, दुसरं काही नाही."

मला वाटलं, असेल. थेल्माला एकांत आवडत असेल. पुस्तकांत इंग्रज माणसं असतात तशी मी तिला समजून चालले. मी चार वर्षं हेच शिकले होते. पात्र बोलत नाही तेव्हा ते काय म्हणत असतं यावर मी वीस पानांचा निबंध लिहिला होता. त्याला चांगले गुण मिळाले होते.

दुसऱ्या उन्हाळ्यानंतर, जानेवारीत, क्लिफर्ड गेले. शहराच्या इस्पितळात, अकरा दिवस. शेवटी त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी खुणेने वही मागितली. थेल्माला वाटलं काही निरोप लिहायचा असेल. त्यांनी आमच्या गावाचं पान काढलं आणि दवाखान्याच्या रकान्यातले सहाचे आठ केले.

थेल्माने मला ते पान दाखवलं. आम्ही दोघी हसलो. मग ती हसायची थांबली आणि मी एकटीच हसत होते.

तिची बहीण मार्जरी आली, राख घेऊन परत गेली. ग्रिम्स्बीत क्लिफर्डच्या आईवडिलांशेजारी जागा होती. जाताना तिने थेल्माला सांगितलं, मागची खोली रिकामी आहे, कधीही ये. गल्लीतल्या बायाही सांत्वनाला गेल्या होत्या, काळे कपडे घालून, पाच जणी. मी नेमकी त्या दिवशी शहरात होते. मावशीने मला नंतर सांगितलं. त्या गेल्या, थेल्माचा हात धरला, उभ्या राहिल्या. थेल्मानेही हात धरला. थोड्या वेळाने त्या खाली आल्या.

"बसल्या नाहीत?"

"आम्ही बसायला गेलो होतो का? रडायला गेलो होतो. ती रडेना, मग आलो."

त्या वर्षीच्या नाताळात थेल्माने केक केला. तो घेऊन ती मावशीच्या दारी गेली. मावशीने दार सताड उघडलं, केक घेतला, तिच्या गालांचे मुके घेतले आणि आत स्वयंपाकघरात गेली. बशी धुऊन, तीत लिंबं भरून परत आली, तर थेल्मा उंबऱ्याबाहेरच उभी. मावशीने बशी दिली. थेल्मा गेली.

"आत ये म्हणालीस का?" मी विचारलं होतं.

"दार उघडं होतं. अजून काय, उचलून आत घेऊ?"

असं ते वर्ष गेलं. तिसरा उन्हाळा तिने गॅलरीत एकटीने काढला होता. दुसरी खुर्ची शेजारी तशीच. पेटी आतल्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी. तिच्यावर ती धुतलेले कपडे ठेवायची.

फेब्रुवारीत ती कचेरीत आली. मी "बस" म्हटलं, ती बसली.

"मार्चअखेर करार संपतो ना?" ती म्हणाली. "नवा करू नकोस."

"दुसरं घर बघू? समुद्र दिसणारं?"

"समुद्र मी जन्मापासून बघते आहे, नुरिया. समुद्राचं काय ते." तिने हात मांडीवर ठेवले. तळवे वर. "मला निवडायचं नाहीये आता. त्यांचं निवडणं झालं, माझं राहिलं, असं सगळे म्हणतात. मार्जरी म्हणते. तूही म्हणतेस. मी दमले आहे गं. तिथे मागची खोली आहे. थंड आहे. पण तिथे मला सगळं ठाऊक आहे."

"तुला इथे आवडत नाही?"

"आवडतं," ती म्हणाली. "म्हणूनच तर."

मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. पुढचं गिऱ्हाईक दारात होतं.

ती जाणार त्या दिवशी शनिवार होता. विमान रात्रीचं, टॅक्सी सहाला. पेटी सोमवारी वाहतूकवाला नेणार होता, ती मी त्याच्या ताब्यात द्यायची होती. सकाळी अकराला ती कचेरीत चाव्यांचं विचारायला आली. केस कापून घेतले होते. प्रवासाचा निळा कोट आत्ताच अंगात होता.

"चाव्या टपालपेटीत टाकू की तुझ्या मावशीकडे?"

"मावशीकडे दे. निरोपही होईल."

तिने मान हलवली. उठली. दारापर्यंत गेली. परत आली, आणि खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"माझं काय चुकलं?"

"कुठे?"

"तिथे. गल्लीत. तीन उन्हाळे मी रोज त्यांच्यामधून गेले. थांबायचे सुद्धा. तू बघितलं असशील. वाटायचं, आज कुणीतरी म्हणेल. नुसतं बस म्हणेल. मला काही कळलं नसतं त्या काय बोलतात ते, पण मी शेंगा सोलल्या असत्या. दोनशेसाठ पोरांच्या सोलल्यात. क्लिफर्ड म्हणायचे, त्यांना आपण नको आहोत, नको तिथे जाऊ नये. मी म्हणायचे, उद्या म्हणतील. केक नेला तेव्हाही मी उभी होते." तिचा आवाज चढला नाही. "एकदा कुणी बस म्हणालं असतं ना, नुरिया, तर ती पेटी मी उघडली असती. एवढंच हवं होतं. काय चुकलं तेवढं सांग, म्हणजे मला जाता येईल."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"तिथे कुणी कुणाला बस म्हणत नाही," मी शेवटी म्हटलं.

"म्हणजे?"

"आपली खुर्ची घेऊन यायचं. एवढंच."

"कुणाला न विचारता?"

"विचारायचं कुणाला? रस्ता आहे तो."

रस्त्यावरून दुधाची गाडी गेली. तिने खुर्चीची पाठ सोडली.

"माझ्याकडे चार खुर्च्या आहेत," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात. चार."

आणि गेली.

मी कचेरी लवकर बंद केली. मावशी जेवून उठली होती, पाय स्टुलावर घेऊन बसली होती. मी सगळं सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने पाय खाली घेतले.

"आम्ही बोलवायचं?" ती म्हणाली. "गल्ली काय माझ्या बापाची आहे, मी कुणाला बोलवायला? उद्या फिना म्हणेल, ही कोण मोठी लागून गेली, आमच्या गल्लीत पाहुणे बसवते!"

"तिला ते माहीत नव्हतं."

"तीन वर्षांत डोळे नव्हते तिला? आम्हाला कोण बोलावतं ते बघितलं नाही?"

"ती वाट बघत होती."

"आणि आम्ही काय करत होतो?" मावशी ओरडली. "तिच्या नवऱ्यानंतर मी स्वतः माझी खुर्ची भिंतीपासून हातभर सरकवली. उन्हाळाभर. फिनाला म्हटलं, पाय पसरायला जागा कर. ती जागा कुणासाठी होती? मांजरासाठी?"

हे मला माहीत नव्हतं.

"आणि तू गं," ती म्हणाली, आता हळू. "तुला दोन्हीकडचं येतं. तू काय करत होतीस?"

मी जिन्याच्या पायरीवर बसले. मी दोघींकडे रोज जात होते. वर चहा पीत होते, खाली बिया सोलत होते. मधल्या सतरा पायऱ्या मी किती वेळा चढले-उतरले असेन. आणि माझी स्वतःची खुर्ची लहानपणापासून मावशीच्या दारामागे आहे, मी ती कधी आणली ते मला आठवतही नाही. श्वास घ्यायचा कसा ते कुणी कुणाला सांगत नाही.

"आता काय," मावशी म्हणाली. "जाणारीला खुर्ची कशाला! जाऊ दे. मी दमले."

साडेचारला बाहेर काहीतरी घासल्याचा आवाज आला. मावशीने पडद्याची फट बोटाने रुंद केली.

"आई गं," ती म्हणाली. "वेडी झाली का ही?"

थेल्मा गल्लीत होती. स्वयंपाकघरातली पांढरी खुर्ची तिने सतरा पायऱ्या खाली आणली होती. निळा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मार्चमध्ये आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा बसत नाही. समुद्राकडून वारा सरळ आत येतो. सगळी दारं बंद होती. तिने खुर्ची आपल्या दारासमोर ठेवली, एक पाय खड्ड्यात डुगडुगत होता, आणि ती बसली. हात मांडीवर. समोरच्या बंद दाराकडे बघत.

"मी जाते," मी म्हटलं.

"तू थांब."

मावशी पडद्यामागे उभी राहिली. ती किती वेळ उभी होती ते मला माहीत नाही. तिला उभं राहवत नाही. मग तिने खुंटीवरची शाल घेतली, दारामागची खुर्ची काढली आणि दार उघडलं. आधी खुर्चीचे पाय बाहेर गेले, मग ती.

तिने थेल्माकडे बघून "बुएनास" म्हटलं नाही. ती थेट जाऊन तिच्यावर खेकसली.

"इथे बसतात का? वाऱ्याच्या तोंडात! ऊठ. ऊठ, ऊठ. त्या बाजूला भिंत आहे, दुपारभर तापलेली. तीन वर्षं वरून बघत होतीस ना? मग बाया कुठल्या बाजूला बसतात ते दिसलं नाही?"

थेल्माला अवाक्षर कळलं नाही. ती घाबरून उठली. तिला वाटलं असावं, हाकलते आहे. मी दारातून ओरडणार होते. तेवढ्यात मावशीने तिची पांढरी खुर्ची उचलली, पलीकडच्या भिंतीला लावली, हाताने हलवून बघितली, खाली एक खडा सारला, पुन्हा हलवली. डुगडुगणं थांबलं. मग तिने स्वतःची खुर्ची शेजारी ठेवली. मध्ये हातभर अंतर.

आणि बसली. बस म्हणाली नाही.

थेल्मा उभी होती. एक पाय, मग दुसरा. मी दाराची चौकट धरली. तिने खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काही केलं नाही. खूणसुद्धा केली नाही.

ती बसली.

मावशीने अर्धी शाल तिच्या गुडघ्यांवर टाकली. मग तिचं लक्ष थेल्माच्या घोट्यांकडे गेलं. ते बुटांवरून बाहेर आले होते, सुजलेले, निळ्या शिरांचे. मावशीने स्वतःचा झगा पोटरीपर्यंत वर घेतला आणि आपला पाय पुढे केला.

"हा बघ माझा. संत्र्यांनी केलाय. तुझा कशाने?"

थेल्माने पायाकडे बघितलं. मग आपला पाय त्याच्या शेजारी आणला. दोघी चार घोट्यांकडे बघत बसल्या, बाजारात मासे बघावे तशा.

"तुझा डावा जास्त खराब आहे," मावशी म्हणाली. "माझा उजवा."

पलीकडून फिनाची खिडकी उघडली. "एन्कार्ना! काय गं, जून आला का?"

"तुला ऐकू येत नाही ते बरं आहे. खिडकी लाव, थंडी घरात शिरेल!"

फिनाने खिडकी लावली. पाच मिनिटांनी तिचं दार उघडलं आणि खुर्चीचे पाय बाहेर आले.

सहाला टॅक्सी आली. टॅक्सीवाला आमच्याच गावचा. त्याने भोंगा वाजवला.

"भोंगा काय वाजवतोस!" मावशी म्हणाली. "बसलोय, दिसत नाही का?"

"काकू, विमान आहे त्यांचं."

"विमानाला काय, ते उभं असतं."

त्याने गाडी बंद केली. थेल्माने घड्याळ बघितलं. शाल हळूच काढून घडी घातली आणि मावशीच्या मांडीवर ठेवली. गुडघ्यांवर हात दाबून उठायला लागली. अर्धी उठली. पुन्हा खाली टेकली.

"नुरिया," ती म्हणाली. मी जवळ गेले. तिचा चेहरा राखाडी दिसत होता, सहाव्या गावात सामान उतरवलेल्या माणसाचा. आनंद वगैरे काही नव्हता त्यावर. "उठवत नाहीये गं."

"हात देऊ?"

"नको." तिने डोळे मिटले, उघडले. "मार्जरीने खोलीला रंग दिला आहे."

"हो."

"मी बॅग आणते," ती म्हणाली, आणि या वेळी उठली. दार लोटलं. सतरा पायऱ्या. मी मोजल्या. मध्ये दोनदा थांबली.

मावशीने माझ्याकडे बघितलं नाही. ती त्या पांढऱ्या खुर्चीकडे बघत होती. खडा सरकला होता. तिने वाकून तो पुन्हा नीट बसवला. वाकताना कण्हली.

टॅक्सीवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "येतायत ना त्या?"

गॅलरीचं दार उघडं होतं. वरून काही ऐकू येत नव्हतं. चाकांचा आवाज नाही, दिव्याचं बटण नाही. मग एक आवाज आला. लांब, कोरडा, अडत अडत येणारा. पाच वर्षं पुठ्ठ्याला चिकटून राहिलेली पट्टी ओढल्यावर येतो तसा. थांबला. पुन्हा सुरू झाला, दुसऱ्या बाजूने.

"जा तू," मी टॅक्सीवाल्याला म्हटलं.